टर्बाइनच्या पात्यांपुढचा सीमास्तर आणि प्रवाहातील तोटा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात हा विषय दोन वाटांनी समोर येतो. एक वाट साखर कारखान्यांच्या सहवीजनिर्मितीची आणि फताटेवाडीच्या औष्णिक केंद्रातील ६६० मेगावॉटच्या दोन संचांची. दुसरी अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या विंड टनेलची, जिथे शेवटच्या वर्षाची मुले लाकडी किंवा छापील पात्यांची रांग बसवून दाब मोजत असतात. या दोन्ही बाजूंनी मला वर्षानुवर्षे जे प्रश्न विचारले गेले ते येथे एकत्र केले आहेत. शब्द वेगवेगळे असले तरी बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी एकच घोटाळा असतो: पात्यांच्या रांगेत आत आलेला तोटा (म्हणजे हवेच्या किंवा वाफेच्या उपयोगी ऊर्जेतली घट) आणि रांगेच्या आत झालेला तोटा यांची बेरीज करून ती सगळी पात्यांच्या नावावर टाकली जाते.

येणारा सीमास्तर म्हणजे नेमके काय?

वाहणारी हवा किंवा वाफ भिंतीला जिथे टेकते तिथे तिचा वेग शून्य असतो आणि भिंतीपासून दूर जावे तसा तो वाढत जाऊन मुख्य प्रवाहाच्या वेगाला मिळतो. वेग शून्यापासून पूर्ण होईपर्यंतच्या या पातळ पट्ट्याला सीमास्तर म्हणतात. प्रयोगशाळेत मात्र सगळे त्याला बाउंडरी लेयरच म्हणतात आणि त्यात काही बिघडत नाही. लुडविग प्रांट्ल यांनी १९०४ साली हायडेलबर्ग येथे भरलेल्या गणितज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ही कल्पना मांडली. घर्षणाचा परिणाम सगळ्या प्रवाहात शोधत बसण्यापेक्षा भिंतीलगतच्या पट्ट्यात शोधावा, ही सोय तेव्हापासून अभियंत्यांना मिळाली.

टर्बाइनची पाती दोन भिंतींच्या मध्ये उभी असतात: आतली भिंत मुळाकडची आणि बाहेरची आवरणाकडची. या भिंतींवर पात्यांच्या आधीपासून वाढत आलेला थर पात्यांच्या तोंडाशी पोहोचतो तेव्हा तो त्या रांगेसाठी ‘येणारा’ सीमास्तर ठरतो. महाविद्यालयातल्या विंड टनेलमध्ये हवेचा वेग सेकंदाला २० मीटर असेल आणि पात्यांपूर्वी एक मीटर सपाट भिंत असेल, तर खळबळता (टर्ब्युलंट) सीमास्तर साधारण २२ मिलिमीटर जाडीचा होतो. भिंत दोन मीटर असेल तर जाडी सुमारे ३८ मिलिमीटरपर्यंत जाते. आकडा लहान वाटतो, परंतु पात्याची उंची २०० मिलिमीटर असेल आणि दोन्ही भिंतींवर असा थर असेल, तर उंचीचा मोठा हिस्सा या मंद हवेनेच व्यापलेला असतो.

थराच्या आत वेग कसा बदलतो?

खळबळत्या थरासाठी सातव्या मुळाचा नियम हातखर्चापुरता चालतो: भिंतीपासूनची उंची भागिले थराची जाडी, आणि त्या गुणोत्तराचे सातवे मूळ म्हणजे तिथला वेग भागिले मुख्य प्रवाहाचा वेग. त्यानुसार जाडीच्या दहाव्या हिश्श्याच्या उंचीवरच वेग मुख्य प्रवाहाच्या ७२ टक्के झालेला असतो. म्हणजे खरी मंद हवा अगदी भिंतीला चिकटून असते. संथ, पदरापदरांनी वाहणाऱ्या स्तराचा आलेख याहून पुष्कळ रोडावलेला असतो. जाडी हा एकच आकडा देऊन सीमास्तराचे वर्णन पुरे होत नाही, ते यामुळेच. विस्थापन जाडी (मंद हवेमुळे मुख्य प्रवाह भिंतीपासून जेवढा ढकलला जातो ते अंतर) आणि संवेग जाडी (थरात कमी पडलेल्या संवेगाचे जाडीतले माप) यांचे गुणोत्तर, म्हणजे आकारांक, सपाट पट्टीवरील संथ स्तरासाठी २.५९ येतो, तर सातव्या मुळाच्या नियमाने १.२९ येतो. प्रकल्पाच्या अहवालात हा आकारांक दिलेला नसेल तर त्या अहवालाची दुसऱ्या कशाशीही तुलना करता येत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

पात्याच्या अंगावरचा सीमास्तर आणि हा एकच का?

नाही. पात्याच्या अंगावरचा स्तर पात्याच्या पुढच्या कडेपासून नव्याने सुरू होतो आणि त्याने होणाऱ्या तोट्याला अंगाचा तोटा, म्हणजे प्रोफाइल लॉस, म्हणतात. येणारा स्तर भिंतीवरचा असतो आणि तो पात्यांना काटकोनात भेटतो. गोंधळ होतो तो या दोघांच्या सांध्यापाशी, आणि पुढचे बहुतेक सगळे त्या सांध्याविषयीच आहे.

एवढ्याशा मंद हवेमुळे एवढा उपद्रव का होतो?

याचे उत्तर पंढरपूरला जाऊन पाहता येते. भीमा तिथे चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून तिला चंद्रभागा म्हणतात. कोणतीही नदी वळते तेव्हा वळणाच्या बाहेरच्या काठाशी पाणी किंचित चढते आणि आतल्या काठाशी उतरते, कारण वेगाने जाणाऱ्या पाण्याला वळवायला बाहेरून आत असा दाब लागतो. हा दाबाचा उतार वरच्या वेगवान पाण्याच्या गरजेनुसार ठरतो. परंतु तो तळाशीही तेवढाच असतो, आणि तळाचे पाणी मात्र घर्षणाने मंद झालेले असते. मंद पाण्याला वळण्यासाठी एवढ्या दाबाची गरज नसते. त्यामुळे ते गरजेपेक्षा जास्त वळते, तळातून सरकत आतल्या काठाकडे जाते आणि सोबत आणलेली वाळू तिथे टाकते. चहा ढवळल्यावर चहापत्ती कपाच्या कडेला न जाता तळाच्या मध्यावर गोळा होते त्यामागेही हेच कारण आहे. आइनस्टाइन यांनी १९२६ साली चहापत्ती आणि नद्यांची वळणे या दोहोंचा उलगडा एकत्रच केला होता.

आता नदीच्या जागी दोन पात्यांमधली वाट ठेवावी. एका पात्याची खोलगट बाजू दाबाची, तो बाहेरचा काठ. शेजारच्या पात्याची फुगीर बाजू चोषणाची, म्हणजे कमी दाबाची, तो आतला काठ. मधली वेगवान वाफ जेवढी वळायला हवी तेवढीच वळते. भिंतीवरची मंद वाफ त्याच दाबाच्या उतारावर सापडून दाबाच्या बाजूकडून चोषणाच्या बाजूकडे आडवी घसरते. तिची जागा भरायला वरची वाफ दुसऱ्या बाजूने खाली येते, आणि पाहता पाहता वाटेच्या लांबीभर फिरणारा एक मोठा भोवरा तयार होतो. याला दुय्यम प्रवाह म्हणतात.

स्क्वायर आणि विंटर यांनी १९५१ साली याचे एक अतिशय साधे गणित दिले: प्रवाहाच्या दिशेने निर्माण होणारी आवर्तता (प्रवाह स्वतःभोवती किती फिरतो याचे माप) ही येणाऱ्या स्तरातील वेगाचा उतार आणि वळणाचा कोन यांच्या गुणाकाराच्या सुमारे दुप्पट असते. हे सूत्र लहान वळणासाठी आहे. वाफेच्या टर्बाइनमधील वळण अनेकदा ९० अंशांच्याही पुढे जाते, तेव्हा त्यातून येणारा आकडा केवळ अंदाज म्हणून घ्यावा. पण सूत्रातला धडा पक्का आहे. वळण नसेल तर भोवरा नाही, आणि येणाऱ्या थरात वेगाचा उतार नसेल तरी हा भोवरा नाही.

नालाकार भोवरा तो हाच का?

हा नव्हे, पण त्याचा सोयरा. पुलाचा खांब वाहत्या नदीत उभा असतो तेव्हा त्याच्या पुढ्यात पाणी खड्डा खणते, हे पूर ओसरल्यावर कोणालाही दिसते. वरचे वेगवान पाणी खांबावर आदळून जास्त दाब निर्माण करते, तळचे मंद पाणी कमी. त्या फरकामुळे खांबाच्या तोंडावरून पाणी खाली उतरते, तळाशी उलटे वळते आणि खांबाभोवती घोड्याच्या नालेसारखा गुंडाळलेला भोवरा तयार होतो. पात्याच्या पुढच्या कडेपाशी, भिंतीलगत, नेमके हेच घडते.

फरक पुढे पडतो. नालेचा एक पाय पात्याच्या दाबाच्या बाजूने वाटेत शिरतो आणि आडव्या प्रवाहाने ढकलला जाऊन शेजारच्या पात्याच्या चोषण बाजूकडे जातो; जाता जाता भिंतीवरची मंद हवा स्वतःत ओढून घेतो आणि आधी सांगितलेल्या मोठ्या भोवऱ्यात मिळून तोच मोठा होतो. दुसरा पाय चोषण बाजूलाच चिकटून राहतो आणि उलट दिशेने फिरतो. लँग्स्टन, नाइस आणि हूपर यांनी १९७७ साली मोठ्या आकाराच्या सरळ कॅस्केडमध्ये (विंड टनेलमध्ये बसवलेल्या पात्यांच्या रांगेत) सविस्तर मोजणी करून हे चित्र स्पष्ट केले. त्यांच्या कामातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला वेगळीच वाटते: येणारा सीमास्तर पात्यांच्या तोंडाशी भिंतीवरून सुटतो आणि भोवऱ्यात गुंडाळला जातो, आणि त्याच्या मागे भिंतीवर एक अगदी पातळ, कोरा स्तर नव्याने सुरू होतो. म्हणजे पात्यांच्या वाटेतल्या भिंतीवर जे घर्षण होते, ते बऱ्याच अंशी या नव्या स्तराचे असते. येणारा स्तर तोवर भिंत सोडून गेलेला असतो.

मग येणारा थर जाड असेल तर तोटा वाढतो की नाही?

सर्वांत जास्त विचारला जाणारा आणि सर्वांत जास्त चुकणारा प्रश्न हाच आहे. मी स्वतःही तो चुकलो आहे. पहिल्यांदा कॅस्केड बसवली तेव्हा भिंत खरखरीत करण्यासाठी पात्यांपुढे सॅंडपेपरची पट्टी लावली, मागे दाब मोजला, तोटा वाढलेला दिसला आणि ‘जाड स्तरामुळे दुय्यम तोट्यात मोठी वाढ’ असा निष्कर्ष अहवालात लिहून मोकळा झालो. पात्यांच्या पुढचा दाब मोजलाच नव्हता.

आकड्यांनी पाहू. पात्याची उंची २०० मिलिमीटर, दोन्ही भिंतींवर सातव्या मुळाच्या नियमाचा २० मिलिमीटर जाडीचा स्तर. अशा स्तराची ऊर्जा जाडी (थरात कमी पडलेल्या गतिज ऊर्जेचे जाडीतले माप) त्याच्या जाडीच्या ०.१७५ पट, म्हणजे ३.५ मिलिमीटर येते. विस्थापन जाडी आठवा हिस्सा, म्हणजे २.५ मिलिमीटर. दोन्ही भिंती मिळून ७ भागिले १९५, म्हणजे आत येणाऱ्या हवेत आधीच आवक गतिदाबाच्या (आत येतानाच्या वेगामुळे असलेल्या दाबाच्या) सुमारे ३.६ टक्के एवढी एकूण दाबाची, म्हणजे स्थिर दाब अधिक गतिदाब या बेरजेची, घट आहे. पात्यांतून जाताना वेग दुप्पट होत असेल तर बाहेरचा गतिदाब चौपट होतो, म्हणून बाहेरच्या मापाने हीच घट ०.९ टक्का ठरते.

आता स्तर ४० मिलिमीटरचा करावा. त्याच हिशेबाने १४ भागिले १९०, म्हणजे ७.४ टक्के, आणि बाहेरच्या मापाने १.८ टक्के. समजा, पहिल्या वेळी पात्यांच्या मागे मोजलेला ढोबळ तोटा ५.० टक्के होता आणि दुसऱ्या वेळी ६.१ टक्के. हे दोन आकडे उदाहरणापुरते मानलेले आहेत. वाढ १.१ टक्क्याची दिसते. पण त्यातून आवक घट वजा केली तर निव्वळ तोटा पहिल्या वेळी ४.१ आणि दुसऱ्या वेळी ४.३ उरतो. म्हणजे दिसलेल्या वाढीपैकी बहुतेक वाढ पात्यांनी केलेलीच नाही. ती सॅंडपेपरने केली आणि पात्यांनी केवळ वाहून नेली.

म्हणून तोट्याचा कोणताही आकडा ऐकला की पहिला प्रश्न विचारावा: ढोबळ की निव्वळ? आणि निव्वळ असेल तर आवक घट कुठल्या जागी मोजली?

निव्वळ तोटा मग जाडीवर अवलंबूनच नसतो, असे म्हणायचे का?

तसेही नाही. येणाऱ्या स्तरात भिंतीपाशी वेग शून्य आणि कडेला मुख्य प्रवाहाइतका. त्यामुळे त्या स्तरातली आवर्तता भिंतीपासून कडेपर्यंत मोजली तर बेरीज जाडी कितीही असली तरी सारखीच येते. पातळ स्तरात ती भिंतीजवळ दाटलेली असते, जाड स्तरात ती भिंतीपासून दूरपर्यंत पसरलेली असते. दूर पसरलेला भोवरा मोठा असतो, वाटेचा जास्त भाग ढवळतो, आणि त्याच्या फिरण्यात अडकलेली गतिज ऊर्जा जास्त असते. ही ऊर्जा पात्यांच्या लगेच मागे मोजली तर एकूण दाबाच्या तोट्यात पूर्णपणे धरली जात नाही. ती पुढे विरून उष्णता होते तेव्हा तोट्यात जमा होते. म्हणून मोजणी पात्यांच्या अगदी मागे केली की निव्वळ तोटा जाडीबाबत बेफिकीर दिसतो आणि पुढे जाऊन, प्रवाह पूर्ण मिसळल्याचा हिशेब धरून केली की फरक थोडा वाढतो.

जागाही बदलते. जाड स्तरात मंद हवेचा गाभा भिंतीपासून दूर, पात्याच्या मध्याकडे सरकतो. पुढच्या रांगेला हवा कुठल्या कोनात मिळणार हे त्यावर ठरते: भिंतीजवळ हवा गरजेपेक्षा जास्त वळलेली, त्याच्या वर कमी वळलेली. एका रांगेचा हिशेब करणाऱ्याला हे दिसत नाही. पुढच्या रांगेच्या पात्याला मात्र ते सोसावे लागते.

वेग वाढवणाऱ्या पात्यांत आणि केवळ दिशा बदलणाऱ्या पात्यांत फरक पडतो का?

पुष्कळ पडतो, आणि साखर कारखान्यांतील माणसांनी हे उत्तर जरा नीट वाचावे. प्रतिक्रिया प्रकारच्या पात्यांत किंवा नोझलमध्ये दाब उतरतो आणि वेग वाढतो. दाबाचा तोच उतार मंद आणि वेगवान, दोन्ही हवेला सारखीच ऊर्जा देतो. वेग दुप्पट होत असेल, तर भिंतीजवळची अगदी निपचित हवासुद्धा, घर्षण बाजूला ठेवले तर, मुख्य प्रवाहाच्या ८७ टक्के वेगाने बाहेर पडते. आत येताना जो फरक शंभर टक्क्यांचा होता तो बाहेर पडताना तेरा टक्क्यांवर येतो. मिसळण्यातला तोटा वेगाच्या फरकाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणून फरक कमी करून मग मिसळणे हे नेहमीच स्वस्त पडते. काँप्रेसरच्या पात्यांत उलट घडते. तिथे वेग कमी होतो आणि मंद हवा अधिकच मंद होत जाते. याच कारणाने टर्बाइन येणाऱ्या सीमास्तराला जेवढी क्षमा करते तेवढी काँप्रेसर करत नाही.

मात्र याला एक दुसरी बाजू आहे. प्रवाहाच्या दिशेने पडलेला भोवरा वेग वाढताना ताणला जातो, आणि ताणलेला भोवरा अधिक जोराने फिरतो. म्हणजे वेग वाढल्याने मंद हवेचे दुखणे कमी होते, परंतु आधीच तयार झालेल्या भोवऱ्याचे दुखणे वाढते. दोन्हींची गोळाबेरीज बहुधा वेग वाढवण्याच्या बाजूनेच जाते.

आवेग प्रकारच्या फिरत्या पात्यांत वाफेचा सापेक्ष वेग जवळपास तेवढाच राहतो आणि वळण मात्र फार मोठे असते. मिल चालवणारी लहान टर्बाइन आणि काही संचांच्या सुरुवातीचे कर्टिस चक्र (फिरत्या पात्यांच्या दोन रांगांचे चाक) या प्रकारात मोडतात. वळण जास्त असल्याने भोवरा मोठा, वेग न वाढल्याने मंद वाफेला हात देणारे कोणी नाही. येणाऱ्या सीमास्तराचा खरा त्रास इथे होतो.

फिरत्या पात्यांपुढे हा स्तर वेगळा वागतो का?

होय, आणि स्थिर कॅस्केडमध्ये ते दिसत नाही. स्थिर नोझलमधून बाहेर पडलेली वाफ फिरत्या पात्याला गाठते तेव्हा पाते तिच्याकडे स्वतःच्या वेगातून पाहते. धावत्या एसटीतून बाहेरचा उभा माणूस मागे जाताना दिसतो तशी भिंतीजवळची मंद वाफ फिरत्या पात्याच्या दृष्टीने फिरण्याच्या उलट दिशेने जाताना दिसते. मुख्य वाफ पात्याकडे नीट तोंडावर येत असते, तर भिंतीजवळची वाफ तिरपी येते. हा तिरपेपणा नेमका दाबाच्या बाजूकडून चोषणाच्या बाजूकडे असतो, म्हणजे दुय्यम प्रवाह जिकडे ओढतो तिकडेच. त्यामुळे भोवऱ्याला आयतेच बळ मिळते.

याचा अर्थ असा की सरळ भिंतीवर वाढलेला स्तर वापरून केलेल्या कॅस्केडच्या प्रयोगात फिरत्या पात्यांचा दुय्यम तोटा कमी दिसण्याचा धोका असतो. शिवाय खऱ्या यंत्रात स्थिर आणि फिरत्या भागांमध्ये फट असते, तिच्यातून गळणारी वाफ आत येते आणि ती भिंतीवरच्या स्तराला उचलून टाकते किंवा आणखी मंद करते. सपाट पट्टीवरचा सुबक सीमास्तर ही महाविद्यालयाची सोय आहे. यंत्रात तो क्वचितच तसा असतो.

पात्याची उंची कमी असेल तर?

तर सगळे बिघडते. दुय्यम तोट्याचा भोवरा भिंतीपासून ठरावीक अंतर व्यापतो. पाते उंच असेल तर तो दोन टोकांना बसून राहतो, पाते आखूड असेल तर दोन्ही टोकांचे भोवरे मध्यावर एकमेकांना भेटतात. म्हणून दुय्यम तोट्याचे प्रमाण साधारणपणे पात्याची उंची भागिले रुंदी या गुणोत्तराच्या व्यस्त असते. उच्चदाबाच्या टप्प्यांत वाफेचे आकारमान कमी असल्याने पाती आखूड असतात आणि त्यांना हा त्रास जास्त. शेवटच्या टप्प्यातील लांब पात्यांना तो जवळपास नगण्य.

अशा तोट्याचा एकूण तोट्यातला वाटा किती?

जॉन डेंटन यांनी १९९३ साली टर्बोयंत्रांतील तोट्यांवर जे व्याख्यान दिले त्यात पात्याच्या अंगाचा तोटा, भिंतीचा तोटा आणि टोकावरून होणाऱ्या गळतीचा तोटा हे तिन्ही अनेकदा सारख्याच तोलाचे, म्हणजे प्रत्येकी साधारण एक तृतीयांश असतात, असे म्हटले होते. तोटा एण्ट्रॉपीच्या (वाया गेलेल्या ऊर्जेच्या) मापानेच मोजावा, हा त्यांचा आग्रह त्याहूनही महत्त्वाचा आहे, कारण फिरत्या पात्यांत एकूण दाबाचा हिशेब लगेच फसवतो. रक्कम किती हे समजण्यासाठी एक साधा गुणाकार पुरतो: ६६० मेगावॉटच्या संचाच्या उत्पादनात एक दशांश टक्का फरक पडला तर तो ६६० किलोवॉट असतो.

तोट्याचा अंदाज देणाऱ्या जुन्या सूत्रांत येणारा सीमास्तर धरलेला असतो का?

एन्ली आणि मॅथिसन यांच्या १९५१ च्या पद्धतीत तो स्वतंत्रपणे नाही. कॅकर आणि ओकापू यांची १९८२ ची सुधारणाही याबाबत त्याच वाटेने जाते. डनहॅम यांनी १९७० च्या सुमारास येणाऱ्या स्तराची जाडी सूत्रात आणण्याचा विचार केला, परंतु प्रारंभीच्या आराखड्यात ती जाडी कोणालाच माहीत नसते, ही व्यावहारिक अडचण खरी आहे. शर्मा आणि बटलर यांनी १९८७ साली आवक स्तराचा तोटा वेगळा काढून उरलेला तोटा पात्यांकडे लावला. हिशेब मांडण्याची ही रीत मला सर्वांत प्रामाणिक वाटते. या सूत्रांतून निघणारा आकडा बरोबर आहे की नाही, यापेक्षा त्यात काय धरले आहे हे आधी पाहावे.

येणाऱ्या हवेतली खळबळ आणि मागच्या पात्यांचे पट्टे यांचे काय?

तो वेगळा विषय आहे, पण थोडक्यात सांगतो. आधीच्या रांगेच्या पात्यांमागे मंद हवेचे पट्टे पडतात आणि ते पुढच्या पात्यांवरून झाडूसारखे फिरत जातात. त्यांच्यामुळे पात्याच्या अंगावरचा संथ स्तर लवकर खळबळतो. वाफेच्या टर्बाइनच्या उच्चदाब भागात रेनॉल्ड्स संख्या (प्रवाहाचे जडत्व भागिले त्याचा चिकटपणा) इतकी मोठी असते की स्तर तसाही लवकर खळबळतो. विमानाच्या इंजिनातील कमी दाबाच्या टर्बाइनमध्ये, उंचीवर हवा विरळ असताना, हेच पट्टे संथ स्तराला सुटण्यापासून वाचवतात आणि कधी कधी तोटा कमीच करतात.

सीएफडी, म्हणजे प्रवाहाचे संगणकी गणित, करताना आवक कडेला काय द्यावे?

सपाट, सर्वत्र सारखा वेग देऊ नये. संगणकाचा कार्यक्रम तक्रार करत नाही, चित्रेही सुंदर येतात, आणि भोवरा खऱ्यापेक्षा लहान व भिंतीला चिकटलेला दिसतो. एकूण दाबाचा मोजलेला आलेख द्यावा. तो नसेल तर सातव्या मुळाचा. भिंतीवरची जाळी एवढी बारीक असावी की पहिल्या खणाची मितिरहित उंची एकच्या आसपास राहील, नाहीतर भिंतीवरचा नवा पातळ स्तर संगणकाला दिसणारच नाही.

महाविद्यालयाच्या विंड टनेलमध्ये हा प्रयोग कसा करावा?

थर जाड करण्यासाठी पात्यांपुढे तार किंवा सॅंडपेपरची पट्टी लावता येते. पातळ करण्यासाठी पात्यांच्या जरा आधी भिंतीत आडवी फट ठेवून जुना स्तर बाहेर काढून टाकता येतो. दोन्ही परिस्थितींत पात्यांच्या पुढे आणि मागे, दोन्हीकडे मोजणी करावी. पुढे भिंतीजवळ पिटो नळी (समोरून येणाऱ्या हवेचा दाब मोजणारी बारीक नळी) पुरते. मागे प्रवाह तिरपा असतो म्हणून पाच छिद्रांची नळी लागते. वाचने प्रवाहाच्या वस्तुमानानुसार सरासरीत घ्यावीत, नुसती क्षेत्रफळाने सरासरी काढली तर मंद हवेला तिच्या वाट्याहून जास्त वजन मिळते. भिंतीवर तेल आणि टायटॅनियम डायऑक्साइडचा लेप लावून टनेल चालवला तर येणारा स्तर कुठे सुटतो ती रेघ डोळ्यांनी दिसते, आणि मुलांना जे चार तासांत समजत नाही ते चार मिनिटांत समजते.

सोलापूरकरांसाठी एक सूचना वेगळी. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो आणि शहर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरहून उंच आहे; तेव्हा हवेची घनता घनमीटरला सुमारे १.०६ किलो असते, पुस्तकातली १.२२५ नव्हे. पुस्तकातली घनता वापरली तर पिटो नळीने काढलेला वेग सुमारे सात टक्के कमी येतो. तोट्याचे गुणांक गुणोत्तरे असल्याने ते वाचतात, परंतु रेनॉल्ड्स संख्या आणि स्तराची अपेक्षित जाडी चुकते.

हा तोटा कमी करण्याचे उपाय कोणते?

पाते सरळ उभे न ठेवता धनुष्यासारखे वाकवले तर भिंतीजवळचा भार कमी होतो आणि आडवा उतार सौम्य होतो. वाफेच्या मोठ्या टर्बाइनमध्ये अशी पाती आता सर्रास दिसतात. भिंतीलाच हलके उंचवटे आणि खोलगटी देऊन दोन बाजूंमधला दाबाचा फरक कमी करणे हा दुसरा उपाय. रोल्स रॉइसच्या ट्रेंट ५०० इंजिनाच्या उच्चदाब टर्बाइनसाठी या पद्धतीवर काम झाले. पात्याच्या पुढच्या कडेला मुळाशी गोलसर भराव दिला तर नालाकार भोवरा मऊ पडतो. येणारा स्तर शोषून काढणे कागदावर फार आकर्षक वाटते, पण काढलेल्या वाफेची किंमत मोजावी लागते, आणि काढलेल्या जागी नवा स्तर लगेच वाढू लागतो.

साखर कारखान्यातल्या इंजिनिअरला याचा उपयोग काय?

आराखडा आपल्या हातात नसतो, पृष्ठभाग मात्र असतो. बॉयलरमधून वाफेबरोबर क्षार आणि सिलिका येतात आणि पात्यांवर व भिंतींवर बसतात. उच्चदाबाच्या भागात भिंतीला चिकटलेला, खळबळ नसलेला थर काही मायक्रॉनचाच असतो, त्यामुळे हातालाही न जाणवणारा खरखरीतपणा प्रवाहाला जाणवतो आणि पुढच्या रांगेपाशी पोहोचणारा सीमास्तर जाड होतो. गळीत हंगाम संपल्यावर केसिंग उघडली जाते तेव्हा फिटर बहुधा लगेच धुण्याच्या तयारीला लागतात. त्यांना थोडे थांबवावे. क्षारांचा पांढरा थर अनेकदा भिंतीवर, पात्याच्या पुढच्या कडेपासून शेजारच्या पात्याच्या चोषण बाजूकडे जाणारी एक तिरपी रेघ दाखवतो. तेलाचा लेप लावून विंड टनेलमध्ये जी रेघ काढतो तीच ती, यंत्राने स्वतः सबंध हंगाम चालून काढलेली. टप्प्याचा क्रमांक खडूने लिहून, बाजूला पट्टी ठेवून तिचे फोटो काढावेत आणि मगच पाती धुवावीत.